हिवाळ्यात वाळवलेला मचवा

मी मचवा बोलतोय, आणि डोकं तापलेलं असताना बोलतोय. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडं जा. या वर्षी मला माझ्याच माणसांनी मारायला काढलं होतं. वादळात नाही, खडकावर नाही. ऊब देऊन! वर जूनच्या मोठ्या शेकोटीवर चढवून जाळायचंही ठरलं होतं. कुणी काय केलं ते नावं घेऊन सांगतो. मला कुणाच्या बापाची भीती नाही.

अठरा फूट लांबी माझी, दोन्ही टोकांना निमुळता. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला एक लांबलचक खाडी डोंगरात घुसलीय, तिच्या शेवटच्या वाकणावर आमची वस्ती. घरं सात, मेंढ्या दीडशे. एक्कावन्न वर्षांपूर्वी अस्लाक सुतारानं मला तिथंच बांधलं. पाइनच्या फळ्या, कौलं चढवतात तशा एकीच्या काठावर दुसरी, आणि त्यांना तांब्याचे खिळे. अस्लाक आत बसून हातोडा हाणायचा आणि त्याची पोरगी बेर्गिट, तेव्हा विशीतली, बाहेरून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायची. खिळा वाकला की आतून बाप ओरडायचा, "झोपलीस का गं?"

ती बाहेरून ओरडायची, "तुम्हीच तिरपा ठोकलाय, बाबा! माझ्यावर कशाला?"

असली भांडणं ऐकत मी जन्माला आलो. मग स्वभाव कसा असणार?

मला घेतलं टोरमुडनं. पंचविशीचा गडी, हात मोठे, धीर लहान. आठ-नऊ वर्षांनी त्यानं माझ्या पोटात एका सिलिंडरचं इंजिन बसवलं. ठक, ठक, ठक. त्याचा आवाज खाडीभर जायचा आणि लोक घरात बसून म्हणायचे, टोरमुड निघाला. मे महिन्यात मेंढ्या समोरच्या बेटावर चरायला सोडायच्या, उन्हाळाभर कॉड मासा मारायचा, पाऊस-गारठा सुरू झाला की मेंढ्या परत आणायच्या. मेंढ्या माझ्या पोटात हागायच्या आणि टोरमुड मलाच शिव्या घालायचा. एवढ्या वर्षांत त्यानं माझं कौतुक एकदासुद्धा केलं नाही. बायको वारली तेव्हा तिचं पण करायचं राहून गेलं म्हणून रडला होता, माझ्यातच बसून. तेव्हाही मला काही बोलला नाही.

पण हिवाळ्याला माझी सोय लावावी ती त्यानंच. ऑक्टोबरात रहाटानं मला वर ओढायचा, खोपीत घ्यायचा. खोप म्हणजे काय, खाली माती-दगड, वर दगडी पाट्या, आणि भिंतीच्या फळ्यांमधे बोट जाईल एवढ्या फटी. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. वारा आरपार गेला पाहिजे. लाकडाला बुरशी लागता कामा नये आणि लाकूड खडखडीत वाळताही कामा नये. जमिनीची ओल खालून, वारा बाजूनं, मधे मी. मग टोरमुड माझ्या तळाचं बूच काढायचा, म्हणजे आत पाणी साठायला नको. शेवटी इंजिनाच्या पोटाखालची पितळी तोटी उघडायचा. उघडून गप बसायचा नाही. तारेचा तुकडा आत घालून ढोसायचा, कारण गंज आणि मीठ आडवं येऊन तोटी तुंबते, आणि माणसाला वाटतं पाणी निघालं. इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी तिथंच राहून गोठलं की फुगतं. फुगलं की बिडाचं सिलिंडर फाडतं. मग ते इंजिन नांगर म्हणून वापरा.

आता मधे बेर्गिटचं सांगतो. ती आमच्या बाजूलाच राहते, तिचा धक्का आमच्या धक्क्याला लागून. सतरा वर्षांपूर्वी घाईच्या दिवशी टोरमुडनं माझा दोर तिच्या कडीला बांधला. विचारलं नाही. तिला तिची होडी लावायची होती. तिनं चार हाका मारल्या, तो वर कॉफी पीत बसला होता. बाईनं सुरी काढली आणि दोर कापला. मी वाहत गेलो आणि खडकावर आपटलो. डाव्या बाजूची एक फळी बदलावी लागली. जिनं माझे खिळे धरले तिनंच मला सोडून दिलं! तिलाही मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दोघं पन्नास पावलांवर, पण तोंड उघडायचं नाही. तिला काही सुनवायचं असलं की ती कुत्र्याशी बोलायची. "बघितलंस का रे, काही लोकांना रंग लावायचा म्हणजे फासायचा एवढंच कळतं." इकडून तो माझ्याशी बोलायचा. "ऐकतोस का, आज कुणाचंतरी कुत्रं लई भुंकतंय." आणि कुत्रं बिचारं गप बसलेलं असायचं.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात टोरमुड ओल्या दगडावरून घसरला. कमरेचं हाड मोडलं. शहात्तराव्या वर्षी हाड मोडलं की माणूस लहान होतो. त्याची लेक सिगरून बर्गनला राहते, ती त्याला हिवाळाभर आपल्याकडं घेऊन गेली. मेंढ्यांकडं वस्तीतला इवार बघणार होता. आणि माझ्याकडं कोण? जावई. विदार त्याचं नाव. शहरात घरं गरम ठेवायची यंत्रं बसवतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर परवडला असता. हा मदत करायला आलेला.

फोन कानाला लावूनच तो खोपीत शिरला. टोरमुडचा आवाज फोनबाहेर सांडत होता. "तोटी उघड! तार घाल! बूच काढ! दार किलकिलं ठेव! ऐकलंस का?"

"हो बाबा. ऐकलं."

"काय ऐकलंस, सांग."

"तोटी, तार, बूच, दार. बाबा, तुम्ही आराम करा हो."

फोन ठेवला आणि भिंतीच्या फटींकडं बघून हसला गडी. "अरे, ही काय पद्धत झाली? सगळी थंडी आत येतेय!"

दोन दिवस घाम गाळला त्यानं. फटींत फेस भरला. भिंतींना आतून थर्मोकोलचे तक्ते लावले, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, दोन विजेचे हीटर ठेवले आणि हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र. दाराला रबर लावलं, वर नवंकोरं कुलूप. सगळं त्याच्या फोनाला जोडलं, म्हणजे बर्गनला सोफ्यावर बसून बघता येईल. हे झाल्यावर इंजिनाजवळ आला, तोटीला हात लावला. ती घट्ट होती. जरा जोर केला असता तर फिरली असती. उठला आणि म्हणाला, "इथं आता गोठणारच नाही, तर पाणी काढायचं कशाला?"

मी ओरडलो. माझं ओरडणं म्हणजे फळी करकरणं. तो म्हणाला, "बघ, खूश झाला." च्यायला!

पहिले आठ दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग अंग ओढायला लागलं. ते यंत्र रात्रंदिवस माझ्यातलं पाणी ओढायचं आणि नळीनं बाहेर सोडायचं. लाकडातली पन्नास वर्षांची ओल ती. एकेक फळी आकसायला लागली. वस्तीत सगळ्यांच्या छपरांवर हातभर बर्फ, आमचंच छप्पर कोरडं ठणठणीत. ते बघून बेर्गिट आली. विदार नाताळच्या आधी एकदा बघायला आला होता, तेव्हाच तिनं त्याला दारात गाठला.

"काय रे, मासे वाळवतोस का आत?"

"नाही मावशी. मचवा उबेत ठेवलाय. सासऱ्यांचा जीव आहे ना त्याच्यावर."

"मचवा आहे तो, पाव नव्हे. भट्टीत कशाला घातलास? फुटेल."

"मावशी, मी हेच काम करतो. रोजचं आहे माझं."

"घरं गरम करतोस तू. घर पाण्यात घालतोस का कधी?"

विदार कानापर्यंत लाल झाला. पण शिकलेल्या माणसाला म्हातारीपुढं मागं कसं सरकता येणार? "बाबांनी सांगितलंय तसंच केलंय," म्हणाला. धडधडीत खोटं. बेर्गिटला वाटलं, टोरमुडचं डोकं फिरलंय. त्याला विचारायचं तर बोलणं बंद! ती कुत्र्याला म्हणाली, "चल रे. ज्याचा मचवा त्याला गरज नाही."

जानेवारीत वादळ आलं. वरच्या रानातली झाडं तारांवर पडली आणि अख्ख्या खाडीची वीज गेली. पाठोपाठ आभाळ निवळलं आणि थंडी उतरली. उणे पंधरा. बर्गनला विदारच्या फोनवर माझी खूण लाल झाली. तिथं पुढं काय झालं ते मला नंतर सिगरूनच्या तोंडून कळलं, ती नवऱ्याला झापत होती तेव्हा.

विदार सासऱ्याजवळ जाऊन बसला होता. "बाबा, तिकडची वीज गेलीय. इवार पण दवाखान्यात आहे म्हणे, बायकोजवळ. बेर्गिटमावशींना फोन करू का? जरा बघून येतील."

"तिचं नाव काढायचं नाही या घरात."

"पण बाबा, थंडी लई पडलीय."

"पडू दे की! पाणी काढलंयस ना इंजिनातलं?"

आणि हा गडी गप. सिगरून म्हणते, तो दहा मोजेपर्यंत गप बसला आणि मग म्हणाला, "हो."

त्या दहा आकड्यांत माझं इंजिन गेलं. एकानं खरं सांगितलं असतं किंवा दुसऱ्यानं हट्ट सोडला असता, तरी भागलं असतं. बेर्गिटकडं हातोडा होता, नट फिरवायचे पाने होते, आणि ती तोटी तिला डोळे मिटून सापडली असती.

ती आली होती. वीज जाऊन तिसरा दिवस. बर्फातून वाट काढत दारापर्यंत आली, कुलूप हलवलं. "पाणी काढलंय का रे आतलं?" अशी दाराला तोंड लावून विचारत होती. कुणाला विचारत होती? मी सोडून आत कोण होतं? मी सगळ्या फळ्यांनी करकरलो. तिनं कान लावला. ऐकलं तिनं, मी शपथेवर सांगतो. मग कुलूप सोडून म्हणाली, "दुसऱ्याचं कुलूप आहे." आणि गेली.

त्याच दुपारी आवाज झाला. मोठा नाही. सुकी फांदी मोडावी तसा, टक्. बेचाळीस हिवाळे मी आणि ते इंजिन एकमेकांना चिकटून बसलो होतो. त्याच्या अंगाला वरपासून खालपर्यंत चीर गेली, आणि त्या चिरेत बर्फाची एक पांढरी रेघ दिसायला लागली. चौथ्या दिवशी वीज आली. हीटर लागले, बर्फ वितळला, इंजिन थेंब थेंब गळून रिकामं झालं. मग पुन्हा माझं वाळवण चालू, थेट एप्रिलपर्यंत.

एप्रिलच्या शेवटी टोरमुड काठी टेकत आला, मागं लेक-जावई. दार उघडलं तशी गरम, कोरडी हवा त्याच्या तोंडावर आली. तो तिथंच थांबला. मग मला वळसा घालून मागच्या बाजूला आला. उघड्या दाराचा उजेड माझ्या फळ्यांमधून पट्ट्या पट्ट्यांनी त्याच्या अंगावर पडला होता. त्यानं एका फटीत बोट घातलं. गेलं. दुसऱ्या फटीत घातलं. तेही गेलं. मग वाकून इंजिन बघितलं.

"तोटी उघडली होतीस?"

"बाबा, गोठणारच नव्हतं म्हणून मी..."

"उघडली होतीस का?"

"नाही."

मला वाटलं आता काठी बसणार. बसली नाही. म्हातारा काठी बाजूला ठेवून उलट्या बादलीवर बसला. ते बघून विदारच रडायला लागला. मी म्हटलं, रडा. तेवढीच जरा ओल.

सिगरून म्हणाली, "बाबा, झालं ते झालं. इवार विचारत होता, शेकोटीला यंदा मचवा नाही म्हणून."

आमच्याकडं जूनच्या तेविसाव्या दिवशी, सूर्य जवळपास मावळायचं विसरतो तेव्हा, किनाऱ्यावर शेकोटी रचतात. खाली खोकी, मोडके तक्ते, आणि सगळ्यात वर जुनी होडी, पुढचं टोक आभाळाकडं करून. ती पेटली की लोक टाळ्या वाजवतात, पोरांना सॉसेज भाजून देतात. माझ्या ओळखीच्या नऊ जणांना मी असं जाताना बघितलंय. इवार लगेच हजर झाला आणि मला पावलांनी मोजायला लागला. "वर लई भारी दिसेल हा."

"हात काढ त्याच्यावरचा," टोरमुड म्हणाला.

"अरे, चाळण झालीय त्याची. भात गाळायला ठेवतोस का?"

"शेकोटीच्या दिवशी सकाळी तरंगला नाही तर ने. तोपर्यंत हात लावायचा नाही."

सुकलेल्या लाकडाला एकच औषध, पाणी पाजायचं. इवारनं ट्रॅक्टर लावून फुटकं इंजिन माझ्यातून उपटलं आणि भंगारात टाकलं. इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं भोक लाकडी खुंटीनं बुजवलं. मला धक्क्यालगत उथळ पाण्यात ढकललं आणि विदारनं पोटात दगड भरले. मचवा म्हणून जन्माला यायचं आणि दगड घालून बुडवून घ्यायचं! विदार गुडघाभर पाण्यात कुडकुडत उभा. "बाबा, वाचवायचा म्हणून बुडवायचा?"

"तू वाचवलास त्याचं काय झालं ते बघतोयस ना, जावईबापू? दगड घाल."

सहा आठवडे मी तळाशी. अंगावरून खेकडे फिरायचे. यंदा मेंढ्यांना बेटावर दुसऱ्याच होडीनं नेलं, मी खालून तिचा आवाज ऐकला. पण मी पीत होतो. फळ्या फुगत होत्या, एकमेकींना धरत होत्या. एक सोडून. तळाच्या कण्यालगतची उजवीकडची फळी उष्णतेनं पीळ खाऊन बसली होती. ती काही केल्या शेजारणीला मिळेना.

तेवीस जूनची सकाळ. ओहोटीला दगड काढले, विदारनं बादल्यांनी पाणी उपसलं. मी वर आलो! अर्धा तास. मग त्या पिळातून पाणी आत यायला लागलं, घोट्यापर्यंत, नडगीपर्यंत. ओहोटी आणखी उतरली आणि मी डावीकडं कलून चिखलात टेकलो. इवार ट्रॅक्टर चालू ठेवूनच उभा होता.

"टोरमुड, जाऊ दे आता. चांगला जळेल."

 ही फळी बसवायला हात कुणाचा लागतो ते टोरमुडला ठाऊक होतं. अस्लाक गेला, पण त्याचा हात पन्नास पावलांवर होता, खिडकीच्या पडद्याआडून बघत. मी मनात म्हटलं, जा की थेरड्या! मी जळेन, पण तुझी जीभ झिजू देऊ नकोस, होय का?

तो निघाला. काठी, पाऊल, काठी, पाऊल. दार वाजवलं.

"बेर्गिट."

आतून आवाज आला, "कोण मेलं?"

"कुणी नाही. मचवा गळतोय."

दार उघडलं. "सतरा वर्षांनी तोंड उघडलंस आणि हे बोललास?"

"मग काय बोलू?"

"चुकलो म्हण."

"जावयाचं चुकलं."

धाडकन दार बंद! इवार हसला. टोरमुडनं परत काठीनं दार ठोकलं, या वेळी जरा जोरात, आणि बंद दाराशीच बोलला. "दोर तुझ्या कडीला बांधला, विचारलं नाही. चुकलो. जानेवारीत तुला फोन करू दिला नाही. तेही मीच. आता उघड, भरती लागेल."

दार लगेच उघडलं नाही. उघडलं तेव्हा तिच्या हातात बापाचा हातोडा आणि लोखंडाचा ठोकळा होता. "मी पण दारापर्यंत येऊन परत गेले होते," ती म्हणाली. "कुलूप फोडायला पाहिजे होतं. मला आवाज आला होता आतून."

"आला होता?"

"आला होता. सरक आता, वाटेत उभा राहू नकोस."

ती माझ्यात उतरली, गुडघे टेकले, फळीवर तळहात ठेवला. मेंढीची लोकर डांबरात बुडवून तिनं फटीत कोंबली, वर तांब्याची पट्टी धरली. बाहेरून ठोकळा धरायला चिखलात कोण वाकलं? विदार. खिळा वाकला तशी ती ओरडली, "झोपलास का रे? घरी हीटरपुढं झोप!"

"दाबून धरलाय मावशी, देवाशप्पथ!"

अकरा खिळे बसले. भरती चढली. मी उचललो गेलो, डोललो, आणि उभा राहिलो. पाणी येत होतं, पण वाटीनं, बादलीनं नव्हे. इवारनं बराच वेळ वाट बघितली, मग ट्रॅक्टर बंद केला. "शेकोटीवर यंदा काय ठेवू मग?"

"तुझी टोपी ठेव," बेर्गिट म्हणाली.

आता ऑक्टोबर आहे. मी अजून गळतो. इंजिन नाही, वल्ही आहेत. टोरमुडला कमरेमुळं वल्हवता येत नाही, म्हणून बेर्गिट वल्हवते आणि तो डबा घेऊन पाणी उपसतो. परवा मेंढ्या आणल्या बेटावरून. जाताना भांडले, येताना भांडले. पण एकमेकांशी भांडले. कुत्रं मधे झोपलं होतं.

मी कुणाला माफ केलं असं समजू नका. माझ्या पोटात जिथं ठकठक व्हायची तिथं आता मोकळी जागा आहे, आणि लाट आली की ती दुखते. विदारनं खोपीतला फेस नखांनी उकरून काढला, हाताला फोड आले. येऊ देत. परवा तो माझ्यात चढला, तेव्हा मी त्याचे बूट भिजवले. मुद्दाम.

आज मला वर ओढतायत. रहाटाजवळ बेर्गिट आणि विदार, आणि टोरमुड वरून नुसता हुकूम सोडतोय. ती म्हणते, "तोंडानं मचवा वर येत असता तर तू एकट्यानं आणला असतास." ओढा, लेकांनो. बूच काढा, भिंतीच्या फटी मोकळ्या ठेवा आणि माझी मऊ मऊ काळजी करू नका. मला थंडी सोसते. बसला असाल माझ्या काठावर तर तुम्हीही उठा आता, दोराला हात लावा. माणूस कमी पडतोय.